डब्यातून दिसलेला तलाव

वरून बघितलं की तलावात काहीच दिसत नाही, नुसतं आभाळ चमकतं, म्हणून एक किलोचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, बूड कापलं, तिथे डबे झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म ताणून दोन रबरबँड घट्ट लावले, झालं! तो काठाशी अर्धा बुडवायचा आणि वरून डोळा लावायचा. पाण्याच्या दाबाने फिल्म आत फुगते आणि भिंगासारखं थोडं मोठंही दिसतं, हे मला फारच आवडलं. भंडाऱ्याकडच्या आमच्या मामा तलावात (म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजार-जमीनदारांच्या काळातला तलाव) गोगलगायी, बेडकाची पिल्लं, आणि चतुराची अळी!! ती शेपटाकडून पाणी जोरात सोडून सुर्रकन पुढे जाते, पुतणी तर उठायलाच तयार नव्हती. (लहान मुलांना एकटं सोडू नका, काठ निसरडा असतो.)