डॅन्यूबचं पाणी किती चढलं?
आज बुखारेस्टमध्ये दिवसभर रेडिओच ऐकला. किस एफएम, रेडिओ झू, गाणी-जाहिराती-गप्पा, मस्त आहे सगळं, पण जीव रमला तो रादिओ रोमानियावर, म्हणजे इथल्या सार्वजनिक रेडिओवर, १९२८ पासून चालू आहे हे! डॅन्यूब नदीच्या पाण्याची पातळी सांगतात, जुर्जू, ब्राइला, गालात्स, तुल्चा, एकेका बंदराचं नाव आणि पुढे सेंटिमीटर, कसली घाई नाही, आणि पूर्वी तर बोटीवाल्यांसाठी हेच रशियन नि फ्रेंचमध्येपण वाचायचे. खेड्यांसाठी त्यांचं आन्तेना सातेलोर हे स्टेशन वेगळंच. या रेडिओसाठी लोक भरायचे ती लायसन्स फी २०१७ला रद्द झाली, आता पैसा सरकारी बजेटमधून येतो, आणि मला हे अजिबात पटत नाही, बातम्या देणाऱ्यांना सरकारच्या तोंडाकडे बघायला लागू नये. जाहिरातींवर चालणारं कुठलं स्टेशन नदीची पातळी वाचत बसेल?