0.76 ते 0.79: यार्न.लॉकमध्ये दडलेला दुसरा रिॲक्ट

चार्टचा स्क्रीन अखेर उघडला! माझ्या ॲपची रिॲक्ट नेटिव्ह 0.79 ची ब्रँच (रिॲक्ट नेटिव्ह म्हणजे रिॲक्ट या लायब्ररीवर उभी, जेएसमध्ये मोबाइल ॲप लिहायची चौकट) आता आयओएस आणि अँड्रॉइड दोन्हीकडे, डीबग आणि रिलीज दोन्ही बिल्डमध्ये नीट चालते आहे. मागच्या नोंदीत 0.76 सोडायचं ठरवलं होतं ते मुख्यतः 16 केबी पेज साइझमुळे (अँड्रॉइड मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा नवा, मोठा आकार). अँड्रॉइड 15 आणि त्यापुढे टार्गेट करणाऱ्या ॲपसाठी गूगल प्लेची ती अट 1 नोव्हेंबर 2025 पासून आहे, आणि रिॲक्ट नेटिव्हमध्ये हा सपोर्ट 0.77 पासून आला. म्हणजे थांबून राहणं शक्यच नव्हतं.

मधल्या पायऱ्या पटकन सांगते. अपग्रेड हेल्परमधला (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारं पान) डिफ ओळीओळीने लावला, ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) रॅपर आणि कॉटलिन वर नेलं, पॉडफाइल.लॉकचा (आयओएसच्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) डिफ तर सुरेख निघाला: जे बदलायला हवं होतं तेवढंच बदललं. नेटिव्ह कोड असलेल्या सगळ्या पॅकेजांपुढचं कॅरेट (‘^’, म्हणजे याहून नवी आवृत्तीही चालेल) गेल्या वेळीच काढून टाकलं होतं, त्याचं हे फळ. रीॲनिमेटेड, स्क्रीन्स, जेश्चर हँडलर, सगळ्यांचे आकडे नेमके. रीॲनिमेटेडची जेएस बाजू एका आवृत्तीची आणि नेटिव्ह बाजू दुसऱ्या आवृत्तीची झाली की मिसमॅचची एरर ठरलेली. अशा पॅकेजांना कॅरेट लावून मिळतं काय, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

सगळा वेळ खाल्ला तो चार्टने. ॲप सुरू होतंय, लॉगिन होतंय, याद्या दिसताहेत, आणि चार्टवर टॅप केलं की लाल पडदा: ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टी यूजमेमो ऑफ नल’. हुक (यूजमेमोसारखं रिॲक्टचं फंक्शन) नलवर आपटला की पहिला संशय ॲपमध्ये रिॲक्टच्या दोन प्रती असण्यावर घ्यायचा, हे आपल्याला पाठ आहे. पण पॅकेज.जेसनमध्ये रिॲक्ट नेमका 19.0.0, म्हणजे 0.79 ला हवा तोच. नोड मॉड्यूल्सच्या मुळाशी पाहिलं, तिथेही 19.0.0. मग मेट्रोचा (ॲपचा जेएस कोड एकत्र बांधणारं साधन) कॅश, वॉचमन, पॉड्स, ग्रेडल, सगळं पुसून पुन्हा बिल्ड. ढिम्म फरक नाही. ‘सगळं पुसून बघ’ हा सल्ला मला दिवसेंदिवस नकोसा होत चालला आहे. तो लागू पडला तर नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि लागू पडला नाही तर अर्धी संध्याकाळ जाते.

कोंडी फुटली ती दुसऱ्याच स्क्रीनवर. गोषवाऱ्याच्या पानावर त्याच चार्ट लायब्ररीचा फक्त लेजंड वापरला आहे. तिथे वेगळीच एरर: रिॲक्टच्या जुन्या आवृत्तीचं एलिमेंट रेंडर झालं, याला सपोर्ट नाही. आधी वाटलं, हे दुसरंच दुखणं. पण नीट विचार केल्यावर दोन्हींची सांगड बसली. रिॲक्ट 19 मध्ये एलिमेंटची आतली खूण बदलली आहे. पूर्वी तिथे ‘रिॲक्ट.एलिमेंट’ हे सिंबल होतं, आता ‘रिॲक्ट.ट्रान्झिशनल.एलिमेंट’ आहे. त्यामुळे 19 च्या रेंडररला (एलिमेंटं स्क्रीनवर उतरवणारा भाग) 18 चं एलिमेंट पाहताक्षणी ओळखू येतं. लेजंडमध्ये एकही हुक नाही, म्हणून तो जेएसएक्स परत करेपर्यंत पोचतो आणि तिथे पकडला जातो. चार्टमध्ये मात्र सुरुवातीलाच यूजमेमो आहे. तो हुक 18 च्या प्रतीतून येतो, त्या प्रतीचा डिस्पॅचर (हुकची हाक योग्य जागी पोचवणारा दुवा) 19 चा रेंडरर कधीच भरत नाही, म्हणून नल. आजार एकच, आणि दुसरी प्रत 19 हून जुनी आहे हेही कळलं.

‘यार्न व्हाय रिॲक्ट’ चालवलं (यार्न हा पॅकेजं आणणारा मॅनेजर; ही कमांड पॅकेज कुठून आलं ते सांगते). लायब्ररीच्या स्वतःच्या नोड मॉड्यूल्समध्ये 18.3.1 बसलेला. लेखकाने रिॲक्ट पीअर डिपेन्डन्सीत (म्हणजे ॲपचीच प्रत वापरायची) न ठेवता सरळ डिपेन्डन्सीत ठेवला आहे, रेंज >=18. रिॲक्टला डिपेन्डन्सीत टाकणाऱ्या लायब्ररीवर माझा भरवसा तिथेच कमी होतो. पण खरं कोडं पुढे आहे. 19.0.0 तर >=18 मध्ये सहज बसतो, मग 18.3.1 कशासाठी?

उत्तर यार्न क्लासिकच्या (यार्नची जुनी, 1 ची मालिका) लॉकफाइलमध्ये, म्हणजे बसवलेल्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या यार्न.लॉकमध्ये आहे. तिथली नोंद पॅकेजच्या नावावर नसते, नाव आणि मागितलेली रेंज या जोडीवर असते. 0.76 च्या काळात ‘रिॲक्ट >=18’ ही जोडी 18.3.1 शी बांधली गेली. मी माझी नोंद 19.0.0 केली, तेव्हा एक नवी जोडी तयार झाली. जुनीला हात लावायचं यार्नला कारणच नव्हतं. लॉकफाइलने तिचं काम चोख केलं, आणि त्यामुळेच जुना रिॲक्ट जिवंत राहिला. मला हे फार आवडलं, खरंच.

आता उपाय. लॉकफाइल उडवून नवी करणं मी बाजूच्या फोल्डरमध्ये करून पाहिलं. >=18 थेट सर्वात नव्या 19 वर गेला, म्हणजे प्रती पुन्हा दोन, शिवाय इतर ढीगभर पॅकेजं हलली. मेट्रोच्या एक्स्ट्रा नोड मॉड्यूल्स या सेटिंगचाही उपयोग नाही, कारण नेहमीच्या शोधात काही सापडलं नाही तरच मेट्रो तिकडे वळतो, आणि इथे लायब्ररीच्या शेजारीच प्रत पडलेली. शेवटी यार्न-डीडुप्लिकेट (लॉकमधल्या जादा आवृत्त्या एकत्र करणारं साधन) फक्त रिॲक्टपुरतं चालवलं, लॉकमधल्या दोन्ही जोड्या 19.0.0 वर आल्या. वर पॅकेज.जेसनच्या रिझोल्यूशन्समध्ये (सगळ्यांवर एकच आवृत्ती लादणारी नोंद) रिॲक्ट 19.0.0 ठोकून बसवला.

तो आकडा नेमकाच हवा. 19 पासून रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्हचा रेंडरर यांची आवृत्ती तंतोतंत जुळली नाही तर ॲप उभंच राहत नाही. ‘^19.0.0’ लिहिलं की त्याहून नवा 19 आलाच, आणि 0.79 चा रेंडरर 19.0.0 चा आहे. 0.81 ला जाताना मात्र हाच आकडा 19.1.0 करावा लागेल, पॅकेज.जेसनमध्येही आणि रिझोल्यूशन्समध्येही.

पुढे सरळ 0.81 घ्यायचं ठरलं होतं, पण हे लिहितानाच बेत बदलतो आहे. आधी सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणारं बिल्ड) तपासणी घालते: लॉकफाइलमध्ये रिॲक्टची एकच आवृत्ती नसेल तर बिल्ड फेल. आणि फक्त रिॲक्टच का, नेटिव्ह कोड असलेल्या प्रत्येक पॅकेजला हाच नियम लावता येईल. ग्रेडलच्या फाइल्सही त्यातच तपासायच्या, कुठे अधिकचं चिन्ह (‘+’, म्हणजे मिळेल ती सर्वात नवी) आवृत्ती म्हणून राहिलं आहे का. नोव्हेंबर 2022 आठवतो ना? 0.71 चा पहिला आरसी (अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती) मेव्हन सेंट्रल या अँड्रॉइड पॅकेजांच्या भांडारात आला, आणि बिल्ड.ग्रेडलमधल्या त्या ‘+’ मुळे जुन्या प्रोजेक्टांनीही तोच उचलला. पॅकेज.जेसन कितीही घट्ट असलं तरी अँड्रॉइड बिल्ड कोसळले, आणि मागच्या आवृत्त्यांना पॅच काढावे लागले.

त्यानंतर यार्न सोडून पीएनपीएम हा पॅकेज मॅनेजर. 10.16 पासून त्यात किमान रिलीज वयाची सेटिंग आहे: ठरावीक मिनिटं जुनी झाल्याशिवाय नवी आवृत्ती घ्यायचीच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये चॉक आणि डीबग या जेएस पॅकेजांच्या घातक आवृत्त्या एनपीएम या भांडारात आल्या आणि काही तासांत काढल्या गेल्या. एका दिवसाची सक्तीची वाट पाहिली असती तर त्या प्रोजेक्टपर्यंत पोचल्याच नसत्या. पीएनपीएम पॅकेजं सिमलिंकने (दुसरीकडच्या फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) जोडतो, आणि रिॲक्ट नेटिव्ह 0.73 पासून मेट्रोचा सिमलिंक सपोर्टही स्थिर आहे. धास्ती आहे ती नोड मॉड्यूल्सचा पत्ता गृहीत धरणाऱ्या ग्रेडल स्क्रिप्टांची, म्हणून सुरुवात होइस्टेड लिंकरने (सगळी पॅकेजं एकाच सपाट फोल्डरमध्ये) करेन. कोणी आयसोलेटेड लिंकरवर (प्रत्येक पॅकेज वेगळं, सिमलिंकने जोडलेलं) अख्खं ॲप चालवत असेल तर कोणत्या लायब्ररी अडल्या ते जरूर कळवा, त्यांच्यापासूनच सुरुवात करते.