आमची वाटचाल : संकटाच्या दिवसांत कुत्र्याच्या पोटाची सोय

आम्ही दोघं नवरा-बायको कुत्र्यांचं कोरडं खाणं विकत होतो. ती गोदाम सांभाळायची, मी हिशेब आणि गिऱ्हाईक. पुराची किंवा वादळाची बातमी आली की फोन सुरू व्हायचे आणि विचारणा ठरलेली असायची : "वर्षानुवर्षं टिकेल असं खास काही आहे का?" आमचं आजचं काम या विचारण्यातूनच उभं राहिलं, पण तसं खास काही आम्ही विकायला ठेवलं नाही.

कारण कुत्र्याच्या पोटाला खाण्यातला अचानक बदल मानवत नाही. जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवस जावे लागतात. घर सोडायची वेळ येते तेव्हा हे दिवस कुठून आणायचे? ताणानेच जुलाब लागू शकतात. त्यात खाणं अनोळखी आणि पाणी मोजकं, म्हणजे जनावराचे हालच. म्हणून संकटासाठी आम्ही भरून देतो तो डबा म्हणजे तो कुत्रा रोज खातो तेच खाणं, दोन आठवडे पुरेल इतकं. खास माल विकण्यात नफा जास्त होता, हे आम्हाला ठाऊक होतं.

मग खरं काम मोजमापाचं निघालं. किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणलं की नुसत्या विश्रांतीसाठी लागणारे कॅलरी मिळतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या साधारण १.६ पट लागतात. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३०, म्हणजे १०० ग्रॅममागे ३६० कॅलरी असलेलं खाणं १७५ ग्रॅम. दोन आठवड्यांचं अडीच किलो झालं. ४० किलोच्या कुत्र्याला मात्र याच्या चौपट लागत नाही, तिपटीच्याही आतच भागतं. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने जवळपास दुप्पट लागतं. पाणी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली धरतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आम्ही मोठं पोतं फोडून छोट्या पिशव्या भरत नाही. हवा लागली की त्यातली चरबी खवट होऊ लागते. उघडलेली पिशवी साधारण सहा आठवड्यांत संपवावी. त्यामुळे कारखान्यातूनच छोटी सीलबंद पाकिटं मागवतो आणि ती आहेत तशीच हवाबंद डब्यात ठेवतो. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख पाकिटावरच राहते. ओल्या खाण्याचे डबे कडी ओढून उघडणारेच घेतो. अंधारात ओपनर कोण शोधणार!

डब्याच्या झाकणात एक कार्ड असतं. त्यावर कुत्र्याचं वजन, दिवसाचे ग्रॅम, औषधं आणि पशुवैद्यांचा फोन. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय आम्ही डबा भरत नाही. कार्डाच्या मागे ठळक अक्षरांत : मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) देऊ नका. माणसांसाठी साठवलेल्या कोरड्या खाऊत मनुका आणि चॉकलेट हमखास असतात, सुपाच्या पाकिटात कांद्याची पूड. भुकेल्या कुत्र्याला मायेने दिलेला तोच घास त्याच्या जिवावर बेतू शकतो.

२००५ मध्ये कतरिना वादळाच्या वेळी अमेरिकेत कितीतरी लोकांनी आपले प्राणी मागे सोडून निघायला नकार दिला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, स्थलांतराच्या सरकारी योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार व्हावा असा कायदा तिथे झाला. कुत्र्याची सोय झाली की माणूसही वेळेवर बाहेर पडतो, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता बायकोने मुदतीची वही संगणकावर घेतली आहे. मुदत जवळ आली की ती गिऱ्हाइकाला फोन करते : डब्यातलं पाकीट रोजच्या वाडग्यात घाला, नवं डब्यात ठेवा. जुनं आधी संपतं, वाया काहीच जात नाही. सध्या हीच पद्धत प्राण्यांच्या निवाऱ्यांसाठी बसवत आहोत. तिथे एकाच खोलीत निरनिराळ्या वजनांचे आणि पथ्यांचे कुत्रे असतात, म्हणून दर पिंजऱ्याला वेगळं कार्ड आणि वेगळं माप लावून बघतोय.