सतरा मिलिमीटर

चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याहून वाळपईला निघालो होतो. डिकीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, नारळ, उकड्या तांदळाची दोन पोती, शेजारी बायको. उसगाव मागे पडलं आणि एका खड्ड्यात गाडी बसली, तशी मागून 'खर्रर्र' आवाज आला. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तोच. उतरून मागच्या डाव्या चाकाशी वाकलो. नव्या टायरच्या खांद्यावरून बोटभर रुंद पट्टी सोलून निघाली होती, चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेचा रंग उडून पत्रा चमकत होता. गोव्याच्या पावसात उघडा पत्रा म्हणजे आठवड्याभरात गंज. माझा जीव तुटला.

गाडी २०११ ची ऑडी टीटी, सेकंड हँड. मूळ चाकं १८ इंची, ९ इंच रुंद, टायर २४५/४० (रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ४० टक्के). त्यातल्या दोन रिमांच्या लॅकरखाली खाऱ्या हवेने पांढरे डाग पसरले होते आणि एक रिम खड्ड्यात वाकली होती. म्हणून चाकं बदलायचं ठरवलं. ओळखीतून १९ इंची, साडेआठ इंच रुंद सेट मिळाला. दिसायला देखणा. ज्या दुकानात बसवून घेतला तिथला माणूस म्हणाला, "पात्रांव, पीसीडी जुळटा, आनीक कितें जाय?" (जुळतो, अजून काय हवं?) पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, खरंच जुळत होता: पाच बोल्ट, ११२ मिलिमीटर. मीही समाधानाने घरी आलो.

आवाज आला त्याच्या आधीपासूनच काहीतरी बिनसलं होतं. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. आणि जड ट्रकांनी दाबलेल्या रस्त्यावर चाकोऱ्या असतात ना, तिथे गाडी हाताला हिसके द्यायची. पूर्वी कधी द्यायची नाही. मी सगळा दोष रस्त्याला देत होतो.

चवथ झाल्यावर माझा मावसभाऊ आला. तो वेर्ण्याच्या एका कारखान्यात मशीन शॉपला आहे. त्याने चाक काढून आडवं ठेवलं आणि स्पोकच्या मागच्या बाजूला कोरलेला आकडा दाखवला: ईटी ३५. मग कंपनीची जुनी रिम उलटी केली: ईटी ५२. "दादा, तू इंच बघून चाक घेतलंस. चाक कुठे उभं राहणार ते बघितलंच नाहीस."

ईटी म्हणजे ऑफसेट. ऑफसेट म्हणजे काय, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि रिम हबला (चाक ज्यावर बोल्टांनी बसतं त्या भागाला) टेकते तो पृष्ठभाग, या दोहोंमधलं अंतर. आकडा लहान झाला की अख्खं चाक तेवढं बाहेर सरकतं. ५२ चे ३५ झाले, म्हणजे माझ्या चाकाची मधली रेषा सतरा मिलिमीटर बाहेर आली. नवी रिम अर्ध्या इंचाने अरुंद असूनही तिची बाहेरची कड साडेदहा मिलिमीटर पुढे आली होती, आणि त्यावर २५५ चा टायर. पुढच्या चाकांत तर त्याहून नाजूक गोष्ट बिघडते. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, त्या बिंदूपासून टायर दूर जातो. मग रस्त्याची प्रत्येक ओढ सरळ स्टिअरिंगला कळते. चाकोरीतले हिसके तिथून येत होते. व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच.

थरथर मात्र दुसऱ्या कारणाची. टीटीच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर, या रिमच्या मधलं भोक ६६.६. ही फट भरणारी मधली रिंग बसवलीच नव्हती. चाक नुसत्या बोल्टांवर, केसभर एका बाजूला सरकून उभं होतं. ज्याने हे काम पैसे घेऊन केलं त्याला हे माहीत असायला हवं होतं. याचा मला अजून राग आहे.

यावेळी दुसरी चाकं घेण्याआधी मोजलं. जुनी चाकं परत चढवली, डिकीत तीच तांदळाची पोती, पुढे आम्ही दोघं बसलो आणि भावाने कमानीच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला. टायरचा फुगवटा त्या दोऱ्याच्या आत १३ मिलिमीटर. म्हणजे सतरा मिलिमीटर बाहेर आणणं शक्यच नव्हतं.

इंचांचाही हिशेब मांडला. २४५/४० आर१८ टायरची भिंत ९८ मिलिमीटर, २५५/३५ आर१९ ची ८९. आपल्या रस्त्यांवर खड्डा आणि रिम यांच्यामध्ये रबराची तेवढीच गादी असते, त्यातले नऊ मिलिमीटर मी शोभेसाठी घालवले होते. १७ इंची घ्यायचाही विचार केला, २४५/४५ मध्ये एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो आणि भिंत ११० ची मिळते. पण जी १७ इंची रिम मनात भरली होती तिचे स्पोक, पुठ्ठ्याचा साचा कापून लावून पाहिला तर ब्रेक कॅलिपरला लागत होते.

शेवटी १८ इंची, साडेआठ रुंद, ईटी ४५. रिमची बाहेरची कड मूळ कडेपासून पाऊण मिलिमीटरही पुढे नाही. टायर तोच मूळ मापाचा, अंदाजे चार-पाच मिलिमीटर बाहेर. कमानीत आठ उरतात. वजन बघायला वाळपईच्या एका काजूवाल्याचा काटा वापरला. १९ इंची रिम १३.२ किलो, ही फ्लो फॉर्म्ड (फिरवत दाबून पातळ केलेली) १८ इंची ९.४. दर चाकामागे जवळजवळ चार किलो, तेही सस्पेन्शनच्या खाली लटकलेले. गाडी आता खड्ड्यावरून लवकर सावरते ती यामुळे, अशी माझी खात्री आहे.

बोल्टांबद्दल आवर्जून सांगतो, कारण इथे जिवाशी गाठ आहे. ऑडीच्या मूळ बोल्टाची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते. बाहेरच्या बहुतेक रिमांना शंकूच्या आकाराची लागते. गोल बैठकीचा बोल्ट शंकूत नीट टेकत नाही आणि चालता चालता सैल होऊ शकतो. एम१४ गुणिले १.५ चे (१४ मिलिमीटर जाड, आट्यांमधलं अंतर दीड) शंकू बैठकीचे नवे बोल्ट घेतले, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, रिंगा बसवल्या, प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून फेरे मोजले. मग टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटर. शंभर किलोमीटरनंतर परत एकदा. दोन बोल्ट किंचित फिरले.

कमानीची कड घासून, प्रायमर मारून रंगवून घेतली आणि आतून पांढरी मास्किंग टेप लावली. तीच दोन पोती टाकून केरीहून चोर्ला घाट चढलो, वळणांवर मुद्दाम पूर्ण स्टिअरिंग फिरवून पाहिलं, उतरताना खड्डे चुकवले नाहीत. घरी येऊन टेप काढली. तिच्यावर लाल चिखल होता, घासल्याची खूण नव्हती.