मॅटखालचा पावसाळा

डिसेंबर, मंगळवार

गोदाकाठी आज धुकं. निफाडचा पारा उतरला की इकडे उघड्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या काचा सकाळी पांढऱ्या दिसतात. बाहेरून दव असेल तर वायपर दोनदा फिरवला की प्रश्न मिटला. काच आतून घामेजली असेल तर मात्र गाडीत पाणी आहे, आणि ते थंडीचं नव्हे. नाशिकचा हिवाळा कोरडा. हे पाणी जून ते सप्टेंबरात शिरून मॅटखालच्या फेल्टात, म्हणजे कार्पेटखालच्या जाड अस्तरात, मुरलेलं असतं. दुपारी उन्हाने त्याची वाफ होते, काचा बंद असल्याने ती आतच कोंडते आणि रात्री गार पडलेल्या काचेवर जमते. सकाळी ती फडक्याने पुसून फडकं डॅशबोर्डवर वाळत टाकायचं, म्हणजे ओल पुन्हा गाडीतच!

तपासायला रबरी मॅट काढून कार्पेटवर गुडघ्याने जोर द्यावा आणि लगेच वर्तमानपत्राचा कागद दाबावा. हात फिरवून कळत नाही, कारण वरचा थर कोरडाच लागतो. कागद ओला झाला तर कार्पेट उचलायलाच हवं. दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीचे स्क्रू आणि सीटचे बोल्ट काढायचे, बहुतेक गाड्यांना बारा किंवा चौदाचा पाना पुरतो. सीट जागेवर ठेवून कोपरा वर करून वाळवण्यात वेळ घालवू नये, मधला भाग ओलाच राहतो. फेल्ट दोन-तीन दिवस उन्हात टाकावं, पण ऊन उतरायच्या आत घरात घ्यावं. रात्रीच्या दवाने दिवसभराची मेहनत वाया जाते. कुजलेलं फेल्ट फेकून द्यावं, वाळवलं तरी त्याचा कुबट वास जात नाही.

फेल्ट काढल्यावर उघड्या पडलेल्या पत्र्यावर डांबरी शीट असते. तिच्या सुटलेल्या कडांखाली पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. सुटलेला भाग खरवडून काढायचा, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, संशय असेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायचं. आरपार गेला तर वेल्डिंग; नुसता रंग मारणं म्हणजे फसवणूक. पत्रा शाबूत असेल तर रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि पूर्ण वाळल्यावर रंग.

फेल्ट परत बसवायच्या आधी पाणी येतं कुठून ते शोधायलाच हवं. पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर. कडुनिंबाची पानं, गुलमोहराची बारीक पानं तिथे कुजून निचऱ्याची भोकं बुजतात. जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की दोन्ही बाजूंनी जमिनीवर धार पडली पाहिजे. पाणी तुंबलं तर ते ब्लोअरच्या, म्हणजे हवेच्या पंख्याच्या, तोंडातून डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. मग दरवाज्यांच्या तळाची भोकं. तिथे माती आणि रंग बसलेला असतो, जाड तारेने मोकळी करावीत. बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचं. ती सहज ओढून निघाली तर तिथे दाब नाही. शेवटी नळी. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बिनदाबाचं पाणी खालून वर सोडायचं, एका जागी पाचेक मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि गळती सापडत नाही.

काचेच्या रबराखाली बाथरूमचं सिलिकॉन भरू नये. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून ॲसिड सुटतं आणि आतला पत्रा खातं. काचेसाठीचाच सीलंट मागावा. बीडिंगला तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर रबर फुगून सैल पडतं, त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं.

पाणी चिकट, वास गोडसर आणि काचेवर तेलकट थर असेल, तर तो पाऊस नव्हे. हीटरच्या रेडिएटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय.

गुरुवार

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांबद्दल. कापडी पिशवीत अर्धा किलो ठेवायला हरकत नाही, पण गळती असेल तर त्याने काहीच साधत नाही. रंग बदलणारं घ्यायचं तर नारिंगी घ्यावं, निळ्यात अपायकारक कोबाल्ट असतं. रंग पालटला की साधारण ११० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र गाडीत नकोतच. ओल शोषून त्यांचं खारं पाणी होतं, आणि वळणावर डबा लवंडला की पत्र्याला तेच खाऊन टाकतं.

सकाळी काच धूसर झाली तर एसी आणि हीटर दोन्ही चालू, हवा बाहेरची, झोत काचेवर. थंडीत एसी कशाला, असं लोक म्हणतात. हवेतलं पाणी काढतो तो एसीच. आतलीच हवा फिरवली तर काच स्वच्छ व्हायला उगाच वेळ लागतो.

डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) असलेली जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी दमट सकाळी नुसतीच घरघरते. चोक ओढत बसण्याआधी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावं. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय; झाकण बदलावं.

प्लास्टिकचं कव्हर जमिनीची वाफ अडवतं, मातीवर उभ्या गाडीला तर जास्तच. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्यावं, ओल्या गाडीवर कधीच घालू नये, आणि दव पडलेलं कव्हर सकाळी काढून वाळत टाकावं. गाडीचं तोंड पूर्वेला ठेवून, ऊन आलं की काचा बोटभर खाली घेतल्या तर दुपारपर्यंत आतली वाफ निघून जाते. चारच्या आत काचा बंद.