कंपनी कक्षेबाहेर गेली, मिथेन नाही

नैसर्गिक वायूची घाऊक खरेदी-विक्री करणाऱ्या एका युरोपीय कंपनीत शाश्वतता अहवालाची (कंपनीच्या पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामांच्या अहवालाची) तयारी चालू असतानाच वरून निरोप आला : आता आपण या अहवालाच्या युरोपीय कायद्याच्या कक्षेत नाही, माहिती जमवणं थांबवा.

निरोपाचा पूर्वार्ध खरा होता. आधी 250 कर्मचारी, 5 कोटी युरोंची उलाढाल आणि अडीच कोटींचा ताळेबंद यांपैकी दोन निकष ओलांडले की अहवाल सक्तीचा होई. डिसेंबर 2025मध्ये युरोपीय संसद आणि परिषद यांच्यात ठरल्याप्रमाणे 1,000हून जास्त कर्मचारी आणि 45 कोटींहून जास्त उलाढाल, या दोन्ही अटी लागू व्हाव्या लागतात. वायूचे सौदे करणाऱ्यांची उलाढाल अनेकदा अब्जावधींत असते, माणसं मात्र थोडी. त्यामुळे हजाराच्या आत माणसं असलेल्या अशा कंपन्या सुटतात, आणि ही सूट मला अजिबात पटत नाही. प्रदूषणाचा माणसांच्या संख्येशी काय संबंध? (कंपनीच्या खाली उपकंपन्या असतील, तर बेरीज सगळ्या समूहाची धरायची. ती आधी तपासली.)

उत्तरार्ध मात्र धोक्याचा होता. म्हणून तक्त्यातला रकाना पुसण्याआधी, ही माहिती आणखी कोण मागतं, ते प्रत्येकापुढे लिहायला घेतलं. पाणी, कचरा, प्रशिक्षणाचे तास यांच्यापुढे कुणाचंच नाव आलं नाही, ते गेले. मिथेनचे रकाने जागचे हलेनात. मिथेन नियमन 2024/1787 हा वेगळा कायदा आहे, त्यात कर्मचारीसंख्येची अटच नाही. आयातदाराला दरवर्षी 31 मेपर्यंत माहिती द्यावी लागते. शिवाय 4 ऑगस्ट 2024पासून केलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या करारांखालच्या वायूचं उत्पादकाकडचं मिथेन उत्सर्जनाचं मोजमाप युरोपीय नियमांच्या तोडीचं आहे, हे 1 जानेवारी 2027पासून दाखवावं लागेल.

तिथेच आकड्यांतली तफावतही सापडली. मिथेनचा परिणाम किती टन कार्बन डायऑक्साइडएवढा, हे काढायला बँकेला पाठवलेल्या तक्त्यात त्याला 28ने गुणलं होतं, अहवालाच्या मसुद्यात 29.8ने, म्हणजे 1,000 टन मिथेनमागे 1,800 टन कार्बन डायऑक्साइडएवढा फरक. जीवाश्म इंधनांतल्या मिथेनसाठी 29.8 हा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या मूल्यांकनातला शंभर वर्षांचा गुणक. उपाय सोपा : मूळ नोंद मिथेनच्या टनांतच ठेवायची, गुणाकार शेवटच्या पानावर.

ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे पुरवठादारांकडचे पर्यावरण आणि मानवी हक्कांचे धोके तपासण्याच्या, युरोपीय कायद्याची मर्यादा आता 5,000 कर्मचारी आणि 150 कोटी युरोंची उलाढाल, म्हणजे तोही आम्हाला लागू नाही. तरीही एका मोठ्या ग्राहकाची लांबलचक प्रश्नावली येऊन पडली होतीच. सुधारित नियमांत मोठ्या कंपनीने आधी हाताशी असलेल्या माहितीवरून धोका कुठे गंभीर आहे ते पाहायचं आणि मग तिथेच विचारायचं असतं. आम्ही प्रश्नावली भरली नाही; लहान कंपन्यांसाठीच्या ऐच्छिक शाश्वतता मानकातला नमुना आणि मिथेनचा तक्ता पाठवला.

4 ऑगस्ट 2024आधीच्या जुन्या करारांत उत्पादकाला माहिती द्यायला भाग पाडणारं कलम नाही. तिथे वाजवी प्रयत्न केल्याचा पुरावा लागतो, म्हणून त्यांचा पत्रव्यवहार तारीखवार वेगळ्या फाइलीत लावला.