उजव्या हाताच्या वाती

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. पक्षाघाताने लुळे पडलेले, यंत्रात सापडलेले, भाजून आखडलेले हात पुन्हा कामाला लावायचे, हे आमचं काम. बटण लावणं, घास तोंडापर्यंत नेणं, वेणी घालणं, सही करणं. त्यासाठी विभागात खुंट्यांचे फळे, मळायची रंगीत पुट्टी, कमी-जास्त ताकदीचे चिमटे, नट-बोल्टची पाटी असं सगळं आहे. हे सामान उपयोगाचं आहे आणि मी ते रोज वापरते. पण 2023 च्या जुलैमधल्या एका शनिवारी कपाटातल्या कापसाच्या गुंडाळीने जे करून दाखवलं, ते त्या एका रुग्णाच्या बाबतीत या सामानाला तोवर जमलं नव्हतं.

काकू साठी ओलांडलेल्या. हिंगणघाटकडच्या गावात घरची कोरडवाहू शेती, कापूस नि तूर. मे महिन्यात मेंदूच्या डाव्या भागात खोलवर एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजवी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली. पाय लवकर आला, मग खांदा, मग कोपर. पंजा मात्र मुठीत मिटलेला तो मिटलेलाच. मूठ आवळता येई, उघडता येत नसे. पक्षाघातात हे नेहमीचं आहे. धरणं आधी येतं, सोडणं मागाहून, आणि कित्येकांना ते कधीच येत नाही.

आमची एक चाचणी असते. नऊ बारीक खुंट्या एकेक करून भोकांत बसवायच्या आणि परत काढायच्या. काकूंच्या वयाची धडधाकट बाई हे 20 सेकंदांच्या आसपास उरकते. काकू दोन-तीन खुंट्यांवर थांबायच्या. त्यांनी कधी कुरकूर केली नाही. सांगितलं की करायच्या, आणि सांगितलं तेवढंच करायच्या. मला त्याचीच काळजी वाटत होती, कारण असा रुग्ण घरी गेल्यावर हात मांडीवर ठेवून बसतो.

त्या शनिवारी पुट्टी लाटण्याचा व्यायाम चालू होता. सून शेजारी बसली होती. तिच्याशी बोलता बोलता काकू म्हणाल्या, "परवा आवस हाये. घरी एक वात नाई."

सोमवारी, 17 तारखेला, दिव्यांची आवस होती. दुसऱ्या दिवसापासून अधिक श्रावण लागत होता, म्हणजे महिनाभर दिवे.

"इकत आनू ना आई," सून म्हणाली. "धा रुपयाचं पाकीट येते."

"इकतच्या वातीले तेल चढत नाई. मंद जयते अन् इझते!"

एवढ्या चढ्या आवाजात बोललेल्या काकू मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी पुट्टी बाजूला केली, कपाटातून निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डाव्या हाताने तुकडा तोडला, बोटांत ओढून पाहिला. जखमेला लावायचा तो कापूस, धुऊन त्यातला मेणाचा अंश काढलेला, म्हणून पाणी झटकन पिणारा, पण धागा आखूड. "तुटका हाये," काकू म्हणाल्या. "चालते." मग माझ्याकडे पाहून, "खाली बसव मले. खुर्चीवर बसून वाती वयत असतेत का कोनी?"

खाली गादी घातली. काकूंनी एक पाय पसरला, लुगडं नडगीवरून वर सारलं. कापसाचा थर सुटा करून बोटभर रुंदीची पट्टी ओढली. ओढताना ती तुटू द्यायची नाही, धागे एका दिशेला येतील इतकीच ताणायची. पट्टी नडगीवर आडवी ठेवली आणि डावा तळवा गुडघ्याकडून घोट्याकडे फिरवला. एक वळली, दुसरी वळली. पण पट्टीचं एक टोक मोकळं राहिलं तर ती नीट वळत नाही, ते टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. तिसऱ्या वातीला काकूंनी डाव्या हाताने टोक धरलं आणि उजवा हात उचलून नडगीवर ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं.

आधी टेकली ती मूठच. काकूंनी खांद्याने जोर लावला, तळव्याची टाच टेकली, हात खाली सरकला तसं मनगट मागे वाकलं आणि बोटं उघडत गेली. तर्जनी, मधलं, मग बाकीची. करंगळी थोडी वाकडीच राहिली. वात काही धड झाली नाही. मध्ये जाड, कडेला पिंजारलेली. काकू तिच्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या पंजाकडे.

यात चमत्कार नव्हता. तळव्यावर भार आला की आखडलेले स्नायू बरेच सैलावतात. म्हणूनच आम्ही टेबलावर पंजा टेकवून त्यावर रेलायला लावतो आणि काकूंकडूनही ते करून घेत होतो. पण टेबलावर रेलून काही तयार होत नाही. इथे हात उघडला नाही तर वात वळत नव्हती, आणि वात वळायलाच हवी होती.

वळलेली पट्टी मधोमध दुमडून दोन्ही पदर एकमेकांवर उलट्या पिळाने पिळायचे. तसं केलं की पदर एकमेकांना धरून राहतात आणि हात सोडला तरी वात उलगडत नाही. दुमड धरायला उजव्याची चिमूट लागत होती आणि ती निसटत होती. काकूंनी राख मागितली. विभागातल्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते, तिथली राख कागदावर घेऊन आले. अंगठ्याला नि तर्जनीला राख लावल्यावर कापूस घसरायचा थांबला. चिमटे धरताना बोटांवर घाम येऊन पकड सुटते, हे आम्हाला रोज दिसतं. त्यावरचा इतका साधा उपाय माझ्या शिक्षणात कुठे आला नव्हता.

वेळ संपेपर्यंत लहानशी जुडी झाली. जायच्या आधी काकूंनी तिचे दोन भाग केले आणि उजव्या हाताने वळलेल्या वातींच्या मधोमध सुनेकडून लाल दोरा बांधून घेतला. "ह्या कशा जयतेत ते पाहू."

पुढच्या खेपेला त्यांनी वर्तमानपत्राची पुडी माझ्यापुढे उघडली. आत जळून उरलेली थोटकं होती. आवसेला पाटावर मांडलेल्या दिव्यांतली. डाव्या हाताच्या वातींची टोकं तेवढी काळी, बाकीची वात एकसारखी जाड आणि तेलाने भिजलेली. लाल दोऱ्याच्या वाती वेगळ्याच. सुरुवातीला पीळ घट्ट, मधल्या दोऱ्यापर्यंत बरा आणि पुढे सुटत सुटत शेवटी नुसता फुगलेला कापूस. काकूंनी एकेक उचलून सांगितलं. ही ढिल्ल्या टोकाने पेटवली, तर ज्योत मोठी झाली, धूर निघाला, भिंतीवर काजळी धरली आणि दिव्यातलं तेल निम्मं झाल्यावर ही सगळ्यांच्या आधी बसली. ही घट्ट टोकाने पेटवली, तर ज्योत वाटाण्याएवढीच राहिली. "सासूनं पाहली असती तं फेकून देली असती."

मला त्या थोटकांत त्यांच्या पकडीचा आलेख दिसला. वात तेल चढवते ती धाग्यांमधल्या बारीक फटींतून. फटी बारीक असल्या तर तेल उंच चढतं, पण सावकाश; फार आवळल्या तर ज्योतीला पुरेसं तेल पोचतच नाही. फटी रुंद असल्या तर सुरुवातीला तेल भसाभस येतं, ते सगळं जाळायला ज्योतीला हवा अपुरी पडते आणि न जळलेल्या कार्बनची काजळी होते. पुढे तेलाची पातळी खाली गेली की रुंद फटींना तेवढ्या उंचीवर तेल उचलता येत नाही. म्हणजे काकूंच्या उजव्या हातात सुरुवातीला पीळ द्यायची ताकद होती आणि अर्ध्या वातीत ती संपत होती. खुंट्यांच्या चाचणीत मला फक्त खुंटी पडलेली दिसायची. हात नेमका कुठे थकतो हे या जळक्या वातीने सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही निम्म्या लांबीच्या वाती घेतल्या. एक वात, थोडी विश्रांती, मग दुसरी. टोकापर्यंत पीळ सारखा यायला लागला की बोटभर लांबी वाढवायची. ती कधी वाढवायची ते काकू ठरवत.

मग मुलाने घरून सरकीसकट कापूस आणला. त्या हंगामात भाव पडल्यामुळे बऱ्याच शेतकऱ्यांच्या घरी कापूस पडून होता. सरकी काढणं हा मी पाहिलेला चिमटीचा सर्वांत चांगला व्यायाम आहे. धागे सरकीला चिवट धरून असतात. एका हाताने सरकी धरायची, दुसऱ्याच्या अंगठ्याने नि तर्जनीने धागे ओढायचे. जोर कमी पडला तर सुटत नाहीत, हिसका दिला तर तुटतात. हात बदलून पुन्हा तेच. पुट्टीतून मणी काढायला लावते तेव्हा रुग्ण किती झाले ते मोजतो. काकू कापूस निवडताना सुनेला शेजारणीची गोष्ट सांगत होत्या.

फुलवात सगळ्यांत अवघड गेली. कापसाची पातळ चकती करायची, मधोमध चिमटीत धरून वर ओढायची आणि त्या देठाला अंगठा नि तर्जनीत पीळ द्यायचा, खालचा गोल घेर न मोडता. लांब वातीला तळवा पुरतो, हिला बोटांची टोकंच लागतात. काकू देठाला दुधाचं बोट लावायला सांगत. ओला देठ सुकला की ताठ उभा राहतो. कितीतरी दिवस देठ उलगडत राहिले.

त्याच सुमारास विभागात दिवाळीच्या मेणबत्त्यांची तयारी सुरू होती. मळणीयंत्रात बोटांचे स्नायुबंध तुटलेला एक तरुण सुती दोऱ्याच्या तीनपदरी वेण्या घालत बसायचा. काकूंनी एक वेणी उलगडून पाहिली आणि विचारलं, पीळ का नाही देत? मी सांगितलं, मेणबत्तीची वात पूर्वी पिळाचीच असे आणि तिचं जळकं टोक दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावं लागे. 1825 मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीची वात आणली. चपट्या वेणीतले पदर सारखे ताणलेले नसले की ती जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीबाहेरच्या हवेत येतं आणि तिथे जळून जातं. पुढे अशा वाती बोरिक आम्लाच्या किंवा क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवू लागले, त्याने राखही साठत नाही. आपल्या समईत आपण सळीने वात पुढे सारतो आणि काजळी झटकतो, मेणबत्तीत हात घालता येत नाही. काकूंना हे पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेणी मागितली. तीन पदरांची वेणी म्हणजे एक बोट धरतंय, दुसरं सोडतंय, तिसरं उचलतंय. मी फुलवातीनंतर तीच देणार होते.

अधिक महिना 16 ऑगस्टला संपला. त्याच्या शेवटच्या आठवड्यात काकू स्टीलच्या डब्यात 33 फुलवाती घेऊन आल्या. चकत्या डाव्या हाताने केलेल्या, देठाचा पीळ उजव्याचा. त्या दिवशी चाचणी घेतली तेव्हा नऊच्या नऊ खुंट्या बसल्या आणि निघाल्या, मिनिटाच्या थोड्या वर वेळ लागला. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरत असतो, त्यामुळे सगळं श्रेय कापसाला देता येणार नाही. पण हात सुधारायला एकच हालचाल शेकड्याने करावी लागते, आणि खुंट्या उचलायला लावल्या तर तीस-चाळीस वेळांत रुग्ण कंटाळतो. वाती वळताना काकूंना थांब म्हणावं लागे.

आपल्या देशात व्यवसायोपचाराचं पहिलं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाताई निंबकरांनी सुरू केलं. त्या पिढीच्या विभागांमध्ये हातमाग असायचे, वेतकाम, सुतारकाम असायचं. आता जागा कमी, रुग्ण जास्त, आणि धुऊन पुसून ठेवता येईल असं प्लास्टिक सोयीचं. ती सोय मलाही हवी असते. तरीही माणसाला त्याच्या घरचं काम हातात द्यायला कपाटाचा एक कप्पा पुरतो, आणि तो प्रत्येक विभागात असायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे.

मात्र तो कप्पा एकट्या कापसाचा असून चालत नाही. काकूंनंतर काही महिन्यांनी एक ट्रकचालक आले. तोच आजार, तीच मिटलेली मूठ. मी उत्साहाने कापूस पुढे केला. त्यांनी दोन वाती मुकाट्याने वळल्या आणि डबा परत सरकवला. गाडीवर हाताने काय काय करावं लागतं, असं विचारल्यावर ते ताडपत्रीबद्दल बोलायला लागले. माल भरल्यावर ताडपत्रीची दोरी कशी ओढायची, कोणती गाठ एका झटक्यात सुटते, पावसात दोरी फुगली की काय करायचं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सुतळी आणि जाड दोर आणला आणि विभागाच्या खिडकीच्या गजांना बांधला. त्यांची गाठ अजून एका झटक्यात सुटत नाही. कापसाचा डबा तोवर दुसऱ्या एका आजींकडे आहे. त्या वस्त्रमाळ करतात आणि वातींना हात लावायला तयार नाहीत.